चुकलेल्या गोळीचे मोल जाणणारे बंगळुरूचे शिकारी लेखक केनेथ अँडरसन

बंगळुरू : नरभक्षक वाघ-बिबट्यांचा माग काढणारे शिकारी म्हणून केनेथ अँडरसन प्रसिद्ध झाले. मात्र जनावर नरभक्षक होण्यामागे अनेकदा माणसाचीच चुकलेली गोळी असते, हे सत्यही त्यांच्या कथांनी वाचकांसमोर ठेवले.

अँडरसन यांचा जन्म १९१० मध्ये हैदराबाद संस्थानातील बोलारम येथे, पिढ्यान्‌पिढ्या भारतात स्थायिक असलेल्या स्कॉटिश वंशाच्या कुटुंबात झाला. त्यांचे वडील पुण्यातील लष्करी वेतन लेखा कार्यालयात अधीक्षक होते. शिकारीची आवड त्यांना वडिलांकडूनच मिळाली. बंगळुरूच्या बिशप कॉटन शाळेत व सेंट जोसेफ महाविद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी टपाल व तार खात्यात आणि पुढे शहरातील विमान कारखान्यात नोकरी केली.

मोठ्या श्वापदासाठी त्यांचा भरवसा .४०५ विंचेस्टर रायफलीवर होता. तिची एकच गोळी सुमारे १९ ग्रॅम वजनाची असते. पक्ष्यांच्या शिकारीची छर्ऱ्याची बंदूक याहून वेगळी. बारा बोअरच्या अशा बंदुकीचे वजन साधारण तीन ते साडेतीन किलो असते. नेम धरण्यासाठी तिला मागची खूण नसते. ती जागा नेमबाजाचा डोळाच घेतो. त्यामुळे दस्ता खांद्याला व गालाला नीट बसला, तरच नळी नजरेच्या रोखाने वळते. बंदूक हलकी असली तर ती चटकन उचलली जाते, पण धक्का अधिक देते आणि तिचा झोक मध्येच तुटतो. जड बंदूक उशिरा हलते, पण उडत्या तितराचा किंवा हवेत फेकलेल्या मातीच्या तबकडीचा माग सलग घेते. पस्तीस-चाळीस यार्डांपलीकडे मात्र छर्रे विखुरतात.

तितराला पुरेसे ठरणारे हेच बारीक छर्रे वाघाला मारत नाहीत, जखमी करतात. स्वाभाविक भक्ष्य पकडण्यास असमर्थ झालेले जनावर मग गुरांकडे आणि माणसांकडे वळते. बंगळुरूपासून फार दूर नसलेल्या जवळगिरीच्या वाघिणीची कथा याच दुखण्याची आहे. तिचा जोडीदार मारला गेला, तीही गोळीने जखमी झाली आणि त्या परिसरातील गावांना तिची दहशत बसली.

१९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नाइन मॅनईटर्स अँड वन रोग’ या पुस्तकाने अँडरसन यांचे नाव दूरवर पोहोचविले. जंगलांलगतच्या वस्त्यांतील आदिवासी, गुराखी व वनरक्षक त्यांच्या लेखनात वाटाड्याइतकेच मित्र म्हणून येतात. उत्तरायुष्यात बंदुकीपेक्षा कॅमेऱ्याकडे त्यांचा ओढा वाढला आणि आटत चाललेल्या वनांविषयीची चिंता लेखनात उतरली.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९७४ मध्ये, अँडरसन यांचे कर्करोगाने निधन झाले. शिकारीचा काळ सरला. मात्र जखमी जनावर मागे सोडणे हा शिकाऱ्याचा सर्वांत मोठा अपराध, ही त्यांच्या कथांतून उमटणारी जाणीव आजही कायम आहे.