एडना मिले : पर्णहीन वृक्षाची प्रतिमा

एडना सेंट व्हिन्सेंट मिले या अमेरिकन कवयित्रीच्या नावाभोवती प्रेमप्रकरणांच्या आख्यायिकांचे इतके दाट वलय आहे की तिची सुनीते पुष्कळदा चरित्राचा पुरावा म्हणूनच वाचली जातात. हे वाचन तिच्या कवितेवर अन्याय करणारे आहे, असे प्रस्तुत लेखिकेला वाटते.

२२ फेब्रुवारी १८९२ रोजी मेन राज्यातील रॉकलंड येथे तिचा जन्म झाला. पतीपासून विभक्त झालेल्या आईने परिचारिकेचे काम करून तीन मुलींना वाढविले. घरात दारिद्र्य होते, तशी पुस्तके आणि संगीतही होते. १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ कवितेने तिच्याकडे लक्ष वेधले आणि व्हॅसार महाविद्यालयाची वाट मोकळी झाली. १९१७ नंतर न्यूयॉर्कमधील ग्रीनिच व्हिलेजचे मुक्त जीवन सुरू झाले. पुलित्झर पुरस्कार आणि विवाह, दोन्ही १९२३ मधले.

विसरलेल्या प्रियकरांविषयीचे तिचे विख्यात सुनीत १९२० मधील आहे. घाट पेट्रार्की. अष्टकात रात्रीचा पाऊस आणि त्याच्या आवाजात वावरणारी गतप्रियकरांची भुते येतात. षट्कात ती खोलीच नाहीशी होते आणि हिवाळ्यातला एकाकी वृक्ष समोर येतो. कोणते पक्षी गेले हे त्याला सांगता येत नाही. आपल्यावर उतरलेली निःशब्दता मात्र त्याला कळते. पेट्रार्कच्या सुनीतांना लॉराचे नाव होते. येथे प्रियकरांना नाव नाही, चेहराही नाही. हा विरह व्यक्तीचा नसून स्वतःमधील गाण्याचा आहे. शिवाय हे लिहिताना कवयित्री अवघी अठ्ठावीस वर्षांची होती! तेव्हा हा हिवाळा वयाचा नव्हे, कवितेने निवडलेला आहे.

जॉर्ज डिलन या तरुण कवीवरील प्रेमातून उद्भवलेली बावन्न सुनीते १९३१ मध्ये ग्रंथरूपाने आली. १९३७ मध्ये जॉन क्रो रॅन्समने तिच्या कवितेत बौद्धिकता उणी असल्याचा निर्णय दिला आणि तो दीर्घकाळ टिकला. ज्या प्रतिमेत आठवण नष्ट होऊनही उणीव शिल्लक राहते, तिला केवळ भावविवशता कसे म्हणावे?

१९३६ च्या मोटार अपघातानंतर वेदना आणि वेदनाशामकांनी तिला ग्रासले. १९४९ मध्ये पती युजेनचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, १९ ऑक्टोबर १९५० रोजी, ऑस्टर्लिट्झजवळच्या स्टीपलटॉप येथील घरी, एकटी असताना, तिला मृत्यू आला. चरित्राने त्या वृक्षाला गाठले, पण तीस वर्षांनी.