नॉर्दर्न लाइट्सची वही जपणारा माणूस

हिवाळ्यात नॉर्वेतल्या ट्रॉम्सोला जायचं आणि नॉर्दर्न लाइट्स बघायचे, हा प्लॅन आता जालन्याच्या कॉलेज कट्ट्यावरही रंगतो. व्हिसा, बजेट, जाड जॅकेट सगळं जमलं, तरी एक प्रश्न उरतोच: त्या रात्री काही दिसेल का? मग मोबाइलवर ‘केपी’ नावाचा 0 ते 9 मधला आकडा बघायचा. गंमत म्हणजे हा आकडा आकाशाकडे बघून ठरत नाही. जगातल्या 13 वेधशाळांमध्ये पृथ्वीचं चुंबकत्व किती थरथरलं, त्यावरून तो काढतात. या 13 मध्ये आपली एकही वेधशाळा नाही. पण अशा थरथरीच्या जगातल्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी एक वही महाराष्ट्रात आहे. ती मध्येच तुटू नये म्हणून झटणारे शास्त्रज्ञ म्हणजे नानाभॉय आर्देशिर फ्रामजी मूस.

आधी थोडं विज्ञान. सूर्यावर मोठा उद्रेक झाला की विद्युतभारित कणांचा लोंढा पृथ्वीकडे येतो. ध्रुवांजवळ तो हवेला उजळवतो, तेच नॉर्दर्न लाइट्स. त्याच वेळी सगळ्या पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलतं. म्हणजे रंग दिसतात ट्रॉम्सोत, पण धक्का मुंबईतही बसतो. फक्त तो डोळ्यांना दिसत नाही, यंत्राला कळतो.

असा सर्वांत प्रसिद्ध धक्का बसला 2 सप्टेंबर 1859 ला. तेव्हा क्युबापर्यंत आकाश लाल झालं होतं. लंडनजवळच्या वेधशाळेत नोंदीची रेषा कागदाबाहेर गेली. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत मात्र माणसं यंत्रापाशी बसून आकडे हाताने लिहीत होती, आणि तिथली नोंद शाबूत राहिली. चुंबकीय क्षेत्रात तब्बल 1600 नॅनोटेस्लांची घसरण! मे 2024 च्या ज्या वादळात लडाखच्या हानलेतून आकाश लाल दिसलं, त्यात जगाची सरासरी घसरण 400 च्या आसपास होती. यावरून अंदाज करा.

त्या वादळानंतर दोन महिन्यांच्या आत, 29 ऑक्टोबर 1859 ला नानाभॉयांचा जन्म झाला. ते बारा वर्षांचे असताना, 4 फेब्रुवारी 1872 ला, असाच प्रकाश मुंबईतून दिसल्याचीही नोंद आहे. या पारशी मुलाने पुढे मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज, पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज आणि मग एडिनबर्ग असा शिक्षणाचा प्रवास केला. 1896 मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे संचालक झाले. त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले भारतीय. इंग्रजांच्या काळात सरकारी विज्ञानसंस्थेची सूत्रं भारतीय माणसाच्या हाती येणं ही साधी गोष्ट नव्हती.

पण खरी कसोटी पुढेच होती, आणि ती आणली ट्रामने. मुंबईत तोवर ट्राम घोडे ओढत. आता विजेच्या ट्राम येणार होत्या. शहरासाठी ही आनंदाची बातमी, वेधशाळेसाठी मात्र धोक्याची घंटा. ट्रामची वीज रुळांतून जमिनीत झिरपते आणि नाजूक चुंबकीय यंत्रांची नोंद बिघडवते. मग सूर्याचं वादळ कुठलं आणि कोपऱ्यावर वळलेली ट्राम कुठली, हे ओळखायचं कसं? साठ वर्षांची नोंद तिथेच थांबली असती.

शहराला वीज नको असं म्हणून चालणार नव्हतं. वेधशाळाच हलवायची ठरली आणि जागा निवडली गेली अलिबागची. अलिबाग मुंबईपासून जवळ, तरी विजेच्या गोंधळापासून लांब. इमारतीला चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड वापरला, बांधकामात लोखंड टाळलं. 1904 मध्ये तिथे काम सुरू झालं. पण मूस यांनी कुलाब्याची यंत्रं लगेच बंद केली नाहीत. 1904 ते 1906 अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन ठिकाणच्या आकड्यांत नेमका किती फरक पडतो हे कळल्याशिवाय जुनी वही नव्या वहीला जोडता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मग 1907 मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली.

त्यानंतर त्यांनी 1846 ते 1905 च्या कुलाब्याच्या नोंदी एकत्र केल्या, तपासल्या आणि 1910 मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ छापून आणला. कॉम्प्युटर नाही, कॅल्क्युलेटर नाही. त्या ढिगातून त्यांनी चुंबकीय वादळाचा स्वभाव शोधला: आधी छोटी उसळी, मग काही तास मोठी घसरण आणि नंतर कित्येक दिवस हळूहळू सावरणं. आजही अभ्यासक वादळ याच टप्प्यांनी ओळखतात. 1919 मध्ये ते निवृत्त झाले, 1936 मध्ये गेले.

1859 च्या कुलाब्याच्या त्या आकड्यांचं महत्त्व जगासमोर आलं 2003 मध्ये, एका शोधनिबंधातून. आज उपग्रह आणि वीजवाहिन्या अशा वादळात किती तग धरतील याचा हिशेब करताना तेच आकडे काढले जातात. अलिबागची वेधशाळा अजून चालू आहे, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या हाताखाली.

ट्रॉम्सोचा खर्च लाखांत जातो. तेवढे पैसे साठतील तेव्हा जरूर जा. दरम्यान, एखाद्या मोठ्या वादळाच्या रात्री जालन्याचं आकाश नेहमीसारखंच काळं दिसलं, तरी अलिबागच्या यंत्रावरची रेषा खाली घसरत असेल. फिजिक्सवाल्यांनो, ती रेषा वाचायला शिकायला ना व्हिसा लागतो, ना जॅकेट.