आकाशातून आलेला दगड आणि बर्झेलियस

हायड्रोजनसाठी ‘एच’, ऑक्सिजनसाठी ‘ओ’ ही आपल्या मुलांच्या वहीतली चिन्हांची पद्धत घालून दिली ती यॉन्स याकोब बर्झेलियस यांनी. त्यांचा जन्म १७७९ साली स्वीडनमध्ये झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले. उप्साला येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले, पण मन रमले रसायनशास्त्रात. सेलेनियम आणि थोरियम ही मूलद्रव्ये त्यांनीच शोधली.

१८०६ साली दक्षिण फ्रान्समध्ये आले गावाजवळ एक अशनी पडली होती. १८३४ साली बर्झेलियस यांनी तिचा तुकडा तपासला. तो मातीसारखा होता, त्यात पाणीही निघाले. ही अशनी नव्हेच, असे वाटून ते तुकडा टाकून देणार होते; पण त्यांनी तपासणी पुरी केली. त्यात कार्बनयुक्त पदार्थ सापडले. असे पदार्थ सजीवांपासूनच येतात, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. मग या दगडाच्या मूळ ठिकाणी जीवसृष्टी होती काय? एवढ्या पुराव्यावरून तसे म्हणता येत नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला.

१८४८ साली स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. पुढे १९६९ साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन अशनीत अमिनो आम्ले सापडली, तीही सजीवांवाचून तयार झालेली. मोठ्या कीर्तीच्या माणसाने मोह आवरून पुराव्याइतकेच बोलावे, हा बर्झेलियस यांचा धडा आजही मोलाचा आहे.