विश्लेषण : दलदलीतले बुडबुडे ते गायीची ढेकर… मिथेन शोधणारे व्होल्टा कोण होते?

दुधासाठी आणि मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांमुळे हवामानावर होणाऱ्या परिणामांची चर्चा सुरू झाली, की मिथेनचे नाव हमखास येते. हा वायू पहिल्यांदा ओळखला तो बॅटरीचे जनक अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी.

तळ्यात काय सापडले?

व्होल्टा यांचा जन्म १७४५ मध्ये इटलीतील कोमो येथे झाला. तिथेच ते पदार्थविज्ञान शिकवत. नोव्हेंबर १७७६ मध्ये माज्जोरे सरोवराच्या काठी, आंजेराजवळच्या दलदलीत त्यांनी काठीने तळाचा गाळ ढवळला. वर आलेले बुडबुडे बाटलीत धरले आणि त्यांना ज्योत लावली. हवा पेटली! कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून ही हवा तयार होते, हे त्यांनी ओळखले. विजेच्या ठिणगीने तिचा स्फोट घडवणारे ‘पिस्तूल’ही त्यांनी बनवले.

पुढे काय झाले?

१७७९ पासून ते पाविया विद्यापीठात शिकवू लागले. बेडकाच्या पायातील विजेवरून गॅल्व्हानी यांच्याशी मतभेद झाले आणि त्यातूनच १८०० मध्ये बॅटरी जगासमोर आली. नेपोलियनने त्यांना ‘काउंट’ केले. १८२७ मध्ये कोमोतच त्यांचे निधन झाले. ‘व्होल्ट’ हे एकक त्यांच्याच नावाचे. ‘मिथेन’ हे नाव मात्र त्यांच्यानंतर रूढ झाले. वायू उष्णता किती शोषतात याची मोजमापे जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये सुरू केली, तीही व्होल्टा हयात नसतानाच.

गायीशी संबंध काय?

दलदलीच्या तळाप्रमाणेच रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील पहिल्या, मोठ्या कप्प्यातही ऑक्सिजन नसतो. तिथे सूक्ष्मजीव चारा कुजवतात आणि मिथेन तयार होतो. तो मुख्यतः ढेकरेतून बाहेर पडतो. वीस वर्षांच्या काळात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून अधिक उष्णता अडवतो. मानवनिर्मित मिथेनपैकी सुमारे एकतृतीयांश पशुपालनातून येतो. हवेत तो साधारण बारा वर्षेच टिकत असल्याने तो घटवल्यास परिणाम लवकर दिसतो.

मग अडचण कुठे?

२०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी घटवण्याचा जागतिक संकल्प २०२१ मध्ये ग्लासगो येथे झाला. भारत त्यात सहभागी नाही. जगात सर्वाधिक दूध भारतात होते आणि ते प्रामुख्याने दोन-चार जनावरे असलेल्या घरांतून येते. उत्सर्जन कपातीचा बोजा या घरांवर पडू नये, ही त्यामागची चिंता.

व्होल्टा यांनी दाखवलेला ज्वलनाचा गुण इथे उपयोगी पडतो. शेण गोबरगॅस संयंत्रात गेले, तर त्यातला मिथेन चुलीखाली जळतो. ढेकर मात्र अशी पकडता येत नाही. तिथे सकस चारा, खाद्यातील बदल आणि जनावरामागे अधिक दूध हाच मार्ग उरतो. तो परवडला, तरच गोठ्यापर्यंत पोहोचेल.