फाब्र यांची पडीक जमीन

दक्षिण फ्रान्समधील सेरिन्याँ गावाबाहेर ज्याँ-आंरी फाब्र यांनी 1879 साली सुमारे एक हेक्टर जमीन घेतली, तेव्हा ती कोणत्याही पिकाच्या उपयोगाची नव्हती. तेथील बोलीत अशा दगडगोट्यांच्या माळाला हार्मास म्हणतात. शेतकऱ्याने टाकून दिलेल्या या माळावर गांधीलमाश्या, कोळी, टोळ मात्र सुखाने नांदत होते. आणि फाब्र यांना नेमके तेच हवे होते. ही जमीन मिळेतो त्यांच्या वयाची पंचावन्न वर्षे उलटली होती.

1823 मध्ये आव्हेराँ प्रांतातील एका गरीब कुटुंबात जन्मलेला हा मनुष्य आधी कार्पान्त्रास येथे प्राथमिक शिक्षक होता, पुढे आव्हिन्याँ येथे पदार्थविज्ञान शिकवू लागला. शिक्षकाच्या पगारात संशोधन परवडेना, म्हणून त्यांनी त्या भागातील मुख्य नगदी पीक असलेल्या, मंजिष्ठाच्या जातीच्या वनस्पतीतून शुद्ध रंग काढण्याची पद्धत बसविली. परंतु 1868 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी तोच रंग कोळशाच्या डांबरातून तयार केला. शेतकऱ्यांचे पीक गेले आणि फाब्र यांची आशाही गेली. त्यातच वनस्पतींच्या फलनाविषयीची व्याख्याने त्यांनी मुलींसमोर दिली म्हणून धर्माभिमानी मंडळी खवळली. नोकरी सुटली, घरमालकिणींनी घर सोडावयास लावले. त्या वेळी तीन हजार फ्रँक उसने दिले ते जॉन स्टुअर्ट मिल यांनी. पत्नीच्या निधनानंतर आव्हिन्याँत राहू लागलेल्या या थोर अर्थशास्त्रज्ञाने तारण मागितले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पाठ्यपुस्तके लिहून फाब्र यांनी ते कर्ज फेडले.

हार्मासवर त्यांनी जे पाहिले ते दहा खंडांत लिहिले. बिळात राहणारी नार्बोन कोळीण आपली पिल्ले कित्येक महिने पाठीवर वागविते. झाडावरून एकापाठोपाठ एक चालणाऱ्या सुरवंटांची रांग कुंडीच्या काठावर गोल फिरू लागली, तेव्हा अन्न जवळच असूनही ती अनेक दिवस फिरतच राहिली. शिकारी गांधीलमाशी भक्ष्याच्या मज्जाकेंद्रांवर डंख मारून त्याला मारीत नाही, तर लुळे करते. त्यामुळे अळीला ताजे अन्न मिळते. हे त्यांनी 1855 मध्येच दाखविले होते. डार्विन यांनी त्यांच्या निरीक्षणशक्तीची थोरवी मानली. फाब्र यांनी मात्र उत्क्रांतिवाद कधीच मानला नाही. या हट्टाने त्यांचे काही निष्कर्ष लंगडे पडले. सिकाडा कीटकांजवळ तोफा उडवूनही त्यांचे गाणे थांबले नाही, यावरून त्यांना ऐकू येत नसावे असा कयास त्यांनी केला, तो पुढे चुकीचा ठरला. पण ज्या काळी विद्यापीठांतून मेलेले, टाचणीने टोचलेले कीटक पाहिले जात, त्या काळी त्यांनी जिवंत कीटकाचा संसार उन्हात बसून पाहिला.

देशाने जाहीर गौरव केला तो 1910 मध्ये, वय शहाऐंशी असताना. 1915 साली त्यांचे निधन झाले, आणि पुढे सात वर्षांनी ती पडीक जमीन सरकारी निसर्गेतिहास संग्रहालयाने विकत घेतली.