दोन्ही बाजूंनी जुळलेला हिशेब

गारफील्ड म्हटलं, की घरातल्या मुलांना व्यंगचित्रातला लठ्ठ, आळशी बोका आठवतो. या नावाचा मूळ धनी मात्र आळशी नव्हता. जेम्स गारफील्ड हा अमेरिकेचा विसावा अध्यक्ष. गोळी लागून मेलेला अध्यक्ष म्हणून इतिहास त्याला ओळखतो. मला तो जवळचा वाटतो, तो आपण सर्वांनी शाळेत घोकलेल्या एका प्रमेयामुळे.

१९ नोव्हेंबर १८३१ रोजी ओहायोत, ओंडक्यांच्या घरात तो जन्मला. दोन वर्षांचाही झाला नव्हता, तोच वडील गेले. आई एलायझानं शेत राखून मुलं वाढवली. सोळाव्या वर्षी जेम्स कालव्यावर कामाला गेला. नावा ओढणारी जनावरं काठानं हाकायची, हे काम. तिथं तापानं फणफणून तो घरी परतला आणि मग शिक्षणाकडे वळला. हायरमच्या संस्थेत त्यानं फीसाठी झाडलोट केली आणि १८५७मध्ये, पंचविशीतच, तिथलाच प्रमुख झाला. पुढं यादवी युद्धात सेनाधिकारी, १८६३पासून प्रतिनिधिगृहाचा सदस्य. तिथल्या बँकिंग व चलन समितीचं अध्यक्षपद त्याच्याकडे होतं. १८६९मध्ये सट्टेबाजांनी सोन्याच्या बाजारात घातलेल्या गोंधळाची चौकशी याच समितीनं केली. हयात बँकेत घालवलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून बरं वाटतं.

अशा धबडग्यात, १ एप्रिल १८७६ रोजी, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ एज्युकेशन या शिक्षणविषयक नियतकालिकात त्याची एक सिद्धता छापून आली. काटकोन त्रिकोणाच्या दोन लहान बाजूंचे वर्ग मिळवले, की कर्णाचा वर्ग येतो, या पायथागोरसच्या प्रमेयाची. आपल्या शुल्बसूत्रांतही असलेलं हे जुनंच सत्य. त्यानं नवी वाट दाखवली.

वाचकहो, कागद-कात्री घेऊन आज मुलांबरोबर ती करून पाहा. ३, ४ आणि ५ सेंटिमीटर बाजूंचे दोन त्रिकोण कापा. एकाची ३ची आणि दुसऱ्याची ४ची बाजू एकाच रेषेवर टोकाला टोक लावून ठेवा. काटकोन बाहेरच्या टोकांना येऊ द्या. वरची टोकं रेघेनं जोडली, की समलंब चौकोन तयार होतो. त्याच्या पोटात एक तिसरा त्रिकोण दिसेल. ते दोन कर्ण त्याच्या बाजू, आणि त्यांच्यामधला कोनही काटकोनच. कारण शेजारचे दोन लघुकोन मिळून ९० अंश भरतात.

आता क्षेत्रफळ दोन रीतींनी काढा. समांतर बाजू ४ आणि ३, त्यांमधलं अंतर ७. म्हणजे ७ गुणिले ७चं निम्मं, साडेचोवीस. तुकड्यांनी मोजलं, तर दोन त्रिकोण ६-६चे, मिळून १२. मधल्याला उरले साडेबारा. हे कर्णाच्या वर्गाचं निम्मं. म्हणजे कर्णाचा वर्ग २५, आणि ९ अधिक १६ही २५च. आकड्यांच्या जागी अक्षरं घातली, की कुठल्याही काटकोन त्रिकोणासाठी हे सिद्ध होतं.

बँकेत संध्याकाळी रोकड मोजून वहीशी जुळवतात, तसंच हे. मोठ्या साहेबानं केलेली नोंदही दुसऱ्यानं तपासायची, ही तिथली शिस्त. भूमितीही सही कुणाची आहे, हे पाहत नाही. अध्यक्षाचा हिशेब शाळकरी मुलगी तपासू शकते.

त्याच १८७६मध्ये जोसेफ लिस्टर फिलाडेल्फियाला आला आणि जखमेत जंतू जाऊ न देण्याची निकड अमेरिकी डॉक्टरांना सांगून गेला. अनेकांनी ते मनावर घेतलं नाही. ४ मार्च १८८१ रोजी गारफील्ड अध्यक्ष झाला. २ जुलैला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात, सरकारी पद न मिळाल्यानं चिडलेल्या चार्ल्स गिटोनं त्याला गोळी घातली. निर्जंतुक न केलेली बोटं आणि हत्यारं डॉक्टरांनी जखमेत घातली. मुख्य डॉक्टर विलर्ड ब्लिस यांची खात्री होती, की गोळी उजवीकडेच आहे. टेलिफोनवाला ग्रॅहम बेल धातू शोधणारं यंत्र घेऊन आला. त्यालाही उजवीकडेच शोधू दिलं. १९ सप्टेंबरला, अवघ्या ४९व्या वर्षी, गारफील्ड गेला. शवविच्छेदनात गोळी मणक्याच्या डावीकडे सापडली. त्याचा जीव गोळीपेक्षा जंतुसंसर्गानं घेतला, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात.

मोठ्या माणसाचा शब्द तपासायचा नसतो, असं आपण मुलांना नकळत शिकवतो. प्रमेय शिकवताना ते 'कशावरून?' विचारतील, तेव्हा त्यांना गप्प करू नका.