चौथी शिकलेल्या कमलाबाई ओगलेंनी अख्ख्या महाराष्ट्राला स्वयंपाक शिकवला

मराठी घरात आईच्या कपाटात एक पुस्तक हमखास असायचं. पानांवर तेलाचे डाग, हळदीची बोटं आणि शिवण सुटलेली. रुचिरा. लेखिका कमलाबाई ओगले.

कमलाबाईंचा जन्म १९१३ चा, सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचा. शाळा चौथीपर्यंतच झाली. पुढे लग्न झालं, ओगल्यांच्या घरी आल्या आणि तिथं सासूबाईंच्या हाताखाली स्वयंपाक शिकल्या. त्यांची पदवी म्हणाल तर हीच.

आता गंमत बघा. कुंडलला लागूनच किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली तिथं कारखाना उभा केला, तेव्हा स्टेशनचं नाव होतं कुंडल रोड. याच वाडीतून 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री' ही मासिकं निघाली. अन् १९७० साली कुंडलच्या या लेकीचं पुस्तक छापलं ते किर्लोस्कर प्रकाशनानंच.

मराठीत पाककृतींची पुस्तकं नव्हती असं नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं. मग रुचिरानं वेगळं काय केलं?

माप दिलं. आणि तेही घरातलं, वाटी-चमच्याचं.

आपल्याकडं स्वयंपाक शिकवायची पद्धत म्हणजे मीठ चवीपुरतं, तिखट अंदाजानं, पीठ मावेल तेवढं. ज्याला आधीच येतंय त्यालाच हे कळणार. शेजारी सासू किंवा आई उभी असेल तर भागतं. पण नवऱ्याच्या नोकरीपायी मुंबई-पुण्यात दोन खोल्यांत संसार मांडलेल्या पोरीनं कुणाला विचारायचं? ट्रंक कॉल लावून?

अमेरिकेत फॅनी फार्मर या बाईनं १८९६ च्या पुस्तकात सपाट भरलेल्या कप-चमच्याचा आग्रह धरला होता. पण तिथं मापाचे ठरावीक कप होते. आपल्याकडं प्रत्येक घरची वाटी वेगळी. तरी काम चालतं, कारण रवा, साखर, पाणी सगळं एकाच वाटीनं मोजलं की वाटी लहान असो वा मोठी, प्रमाण तेच राहतं. तराजू नको, काटा नको. सासूबाईंच्या हातातला अंदाज कमलाबाईंनी असा आकड्यांत उतरवला. आमच्या मते हे काम पाककृती गोळा करण्यापेक्षा अवघड. हाताला कळतं ते कागदावर आणायला एकेक पदार्थ थांबून मोजावा लागतो.

पुस्तक लाखाच्या वर खपलं. दुसरा भाग आला, इंग्रजी अनुवाद झाला. लग्नात मुलीला द्यायची भेट म्हणून रुचिरा घ्यायची रीतच पडली. परदेशी निघालेल्या पोरांच्या बॅगेतही ती जायला लागली.

एक गोष्ट मात्र सांगायला पाहिजे. रुचिराचं घर पश्चिम महाराष्ट्रातलं, ब्राह्मणी, मुख्यतः शाकाहारी. एका घरचा स्वयंपाक छापून आला, नीट मोजलेला होता, म्हणून तोच बऱ्याच जणांना मराठी स्वयंपाक वाटायला लागला. आमच्या अणदूर-नळदुर्गकडं येसराची आमटी अजून अंदाजानंच होते. खंडोबाच्या चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य करणाऱ्या बायांना विचारा, वांगी किती? त्या माणसं मोजतील, वांगी नाही. ही चूक कमलाबाईंची नाही. त्यांनी आपल्या चुलीवरचं लिहिलं, आमच्या चुलीवरचं कुणीतरी मोजायला बसायला पाहिजे होतं.

कमलाबाई १९९९ साली गेल्या. रुचिराच्या आवृत्त्या मात्र त्यांच्यामागंही निघत राहिल्या.